कागदावर कमी झालेल्या चौदाजणी

कुलपं तयार करणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे वजाबाकीबाई. हे नाव कोणी ठेवलं ते कोणी कबूल करत नसे. ते बाईंच्या कानावर आलेलं होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. राग होता तो निराळाच. आपण वजाबाकी करतो हे सगळ्यांना ठाऊक, पण केलेली वजाबाकी एकदा वाचून बघावी असं बारा वर्षांत एकालाही वाटलं नव्हतं.

काम सांगायला सोपं होतं. नवीन मशीन, वाढीव शेड, असा कुठलाही मोठा खर्च निघाला की त्याचा प्रस्ताव बाईंच्या टेबलावर यायचा. आज किती पैसे जाणार आणि पुढची दहा वर्षं दर वर्षी किती परत येणार, हे त्या मांडायच्या. पुढे कधीतरी येणारा पैसा आज हातात असलेल्या पैशाइतका मोलाचा नसतो, म्हणून दर वर्षाच्या रकमेला ठरलेल्या दराने कात्री लावायची. वर्ष जितकं लांबचं तितकी कात्री मोठी. उरलेल्या रकमांची बेरीज करायची आणि त्यातून आजचा खर्च वजा करायचा. उत्तर शून्याच्या वर आलं तर खर्च करावा, खाली आलं तर गप्प बसावं. ऑफिसात याला एनपीव्ही म्हणत. धाकटे मालक नुसतंच 'आकडा' म्हणत.

वडिलांच्या पश्चात कारभार बघणारे हे धाकटे मालक मनाने चांगले होते. कोणाचा पगार अडकवला नाही, कोणावर आवाज चढवला नाही. पण मशीन दिसलं की त्यांचं भान सुटायचं. प्रदर्शनाहून परतताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू असे, ते बघूनच बाई काय ते समजायच्या. हातात माहितीपत्रक, आणि बहुतेक वेळा इसारही देऊन झालेला.

"मॅडम, आकडा काढून ठेवा हं. मशीन पुढच्या महिन्यात येतंय."

"येतंय? मग आकडा कशाला?"

"फाइलला लागतो ना!"

जेवून हात धुतल्यावर भूक आहे का म्हणून विचारण्यातला हा प्रकार. बाई कपाळाला हात लावायच्या आणि कामाला लागायच्या.

प्रस्ताव लिहायचे प्रॉडक्शन मॅनेजर. हा गृहस्थ सावकाश बोलायचा, सारखा मानेवरचा घाम पुसायचा आणि कुठलीही गोष्ट मनाला लावून घ्यायचा नाही. स्क्रू मोजून पुडीत भरणारं पहिलं मशीन निघालं तेव्हा बाईंचं उत्तर शून्याच्या बरंच खाली आलं. मॅनेजर कागद घेऊन गेले आणि चहा पिऊन परत आले.

"एक लिहायचं राहिलं होतं, मॅडम. पॅकिंगमधल्या दोन बायका कमी होतील. त्यांचा पगार वाचेल."

दोघींचा दहा वर्षांचा पगार मांडल्यावर आकडा टुणकन वर आला. मशीन आलं. पॅकिंगमध्ये सहाजणी होत्या, त्या सहाच राहिल्या.

त्या का राहिल्या हे कारखान्यात कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. शेडच्या टोकाला खिडक्यांखाली एक लांबलचक टेबल होतं. सहाजणी तिथे कुलूप हातात घ्यायच्या, पहिली किल्ली लावून फिरवायच्या, मग दुसरी, आणि दोन्हींनी खटका उघडला की कुलूप खोक्यात टाकायच्या. किल्ल्या एकीकडे कापल्या जात, कुलपं दुसरीकडे जुळत, आणि मधे ट्रे हमखास बदलत. त्यामुळे ही किल्ली याच कुलपाची आहे ना, हे शेवटी माणसानेच बघायचं. बाकी काहीही करो, किल्ली लावून बघणं त्या कारखान्याने घेतलेल्या एकाही मशीनला येत नव्हतं.

खोकी घडी घालणारं दुसरं मशीन आलं. आकडा खाली. मॅनेजर चहा पिऊन आले.

"पॅकिंगमधल्या दोन बायका कमी होतील."

"त्या मागच्या मशीनमध्येच कमी झाल्या आहेत," बाई म्हणाल्या.

"त्या वेगळ्या. या दुसऱ्या दोन."

"अहो, पण त्या वेगळ्या दोघी अजून तिथेच बसल्या आहेत! दारातून दिसतायत!"

"दिसणारच हो. हळूहळू होतं ते," मॅनेजर घाम पुसत म्हणाले.

मग लेबलं चिकटवणारं मशीन, मग पट्टी बांधणारं, मग खोकी सरकवत नेणारा पट्टा. प्रत्येक वेळी आकडा थोडासा बुडायचा आणि प्रत्येक वेळी पॅकिंगमधल्या दोघी त्याला हात देऊन वर काढायच्या. बाई भांडल्या, रुसल्या, एकदा मालकांच्या केबिनचं दार आपटून आल्या. शेवटी त्या दर प्रस्तावाखाली एक शेरा लिहू लागल्या: 'पॅकिंगमधील ही बचत आधीही धरली आहे. तपासावी.' खाली सही. शेरा फाइलला जायचा आणि फाइल कपाटात. सात मशीनं झाली. सहाजणींतल्या चौदाजणी कमी झाल्या.

या सहाजणींत एक बाईंच्या थोरल्या जाऊबाई होत्या. घर एकच, धाकटी पाती खाली, थोरली वर. थोरल्या दिरांची कंबर गेल्यापासून ते घरीच असत आणि वरच्या मजल्याचा सगळा गाडा जाऊबाईंच्या पगारावर चालायचा. सकाळी दोघी जावा एकत्र निघायच्या. गेटपाशी एक डावीकडे ऑफिसात वळायची, एक उजवीकडे शेडमध्ये. आपण तिकडे बसून यांना कितीदा कमी केलंय, हे बाईंनी जाऊबाईंना कधी सांगितलं नव्हतं. कागदावरच तर आहे, असं त्या स्वतःला समजवायच्या, आणि समजवताना त्यांना स्वतःचाच संताप यायचा.

मग कारखान्यात नवे भागीदार आले. पैसे घालण्याआधी त्यांनी आपला एक माणूस पाठवला. हा माणूस फार बोलत नसे. त्याने कपाटातल्या फायली मागवल्या, आणि आजवर कोणी केलं नव्हतं ते केलं. त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना बसवून एकच प्रश्न विचारला.

"सात प्रस्तावांत मिळून पॅकिंगमधल्या चौदा जागा कमी झाल्या. मग पॅकिंगचा पगार दर वर्षी वाढतोय कसा?"

धाकट्या मालकांनी मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर घाम पुसत म्हणाले, "ते राहून गेलंय. करून टाकतो. पॅकिंग बंदच करू, सहाच्या सहाजणी कमी. किल्ल्या न तपासताच माल पाठवू. म्हणजे कागद खरा होईल."

"आणि उरलेल्या आठ?" बाईंनी विचारलं. "सहा काढल्यात तरी आठ उरतात. त्या कुठून आणणार काढायला?"

भागीदारांच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "पॅकिंग बंद करण्याचा प्रस्ताव मांडा. सोमवारी बघू."

त्या संध्याकाळी बाई जिना चढून वर गेल्या. जाऊबाई भाजी निवडत होत्या. बाईंनी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. जाऊबाईंचे हात थांबले.

"चौदा? अगं, आम्ही सहाच तर आहोत."

"तेच तर म्हणतेय मी, ताई! बारा वर्षं तेच म्हणतेय!"

"मग वाचलेला पगार गेला कुठे?"

"वाचलाच नाही!"

"काय बाई तुमचं एकेक," जाऊबाई म्हणाल्या, आणि आतल्या खोलीत झोपलेल्या नवऱ्याकडे एकदा बघून हळूच त्यांनी विचारलं, "पण आता खरंच काढतील का गं?"

बाईंनाही भीती याचीच होती. सहाजणींना काढताना द्यायची रक्कम आज एकदाच, आणि वाचणारा पगार दहा वर्षं. त्यांनी मनातल्या मनात कात्री लावून पाहिली होती. आकडा चांगला दणदणीत वर येत होता. ज्या रीतीवर त्यांचा एवढा विश्वास, तीच रीत म्हणत होती, काढा.

पण रीतीला आपण जे घालू तेच ती मोजते, हे बाईंइतकं कोणाला माहीत असणार! शनिवारी त्यांनी परत आलेल्या मालाची कागदपत्रं उपसली. मागे साथीच्या तापाने पॅकिंगमधल्या चौघी एकदम आजारी पडल्या होत्या, आणि तो आठवडा मॅनेजरांनी किल्ल्या न तपासताच माल पाठवला होता. ट्रक भरून माल परत आला होता. दोन मोठ्या व्यापाऱ्यांनी वर्षभर तोंड फिरवलं होतं. एक दुकानदार तर कुलूप उघडेना म्हणून आपल्याच दुकानाबाहेर दिवसभर उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी ते कुलूप घेऊन इथे येऊन ठेपला होता. बाईंनी तो सगळा खर्च मांडला. वाढवला नाही, थोडा कमीच धरला. आकडा शून्याच्या खाली गेला आणि खालीच राहिला.

सोमवारी मॅनेजर म्हणाले, "मॅडम, माल परत येईलच असं धरायचं काय कारण?"

बाईंचा तोल गेला. "कारण तो आला होता! तुमच्याच डोळ्यांदेखत आला होता! त्या दुकानदाराला तुम्ही स्वतः चहा पाजलात, अन् वर विचारलंत की किल्ली उलटी तर नव्हती लावली?"

धाकटे मालक खुर्चीत चुळबुळले. त्या दुकानदाराचे शब्द ते विसरले नव्हते. "पॅकिंग राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे," भागीदारांचा माणूसही म्हणाला. मग त्याने फायलींवर हात ठेवला. "हे शेरे तुमचे?"

"माझे."

"कोणी वाचले?"

"तुम्हीच पहिले."

तो जरासा हसला. बाईंना वाटलं, चला, बारा वर्षांनी का होईना, एक वाचणारा भेटला. तोच तो पुढे म्हणाला, "यापुढे सगळे प्रस्ताव आमच्या मुख्य ऑफिसात तपासले जातील. तिथे हे काम करणारी माणसं आहेत. तेव्हा इथली ही जागा ठेवायची की नाही, त्याचाही एक प्रस्ताव करावा लागेल."

"तो कोण करणार?" मालकांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांची मान खाली गेली. कारखान्यात हे काम येणारं एकच माणूस होतं.

पुढचे दोन दिवस बाईंना जो तो समजावायला येत होता. "एखादा खर्च वाढवून टाका, मॅडम," मालक कळवळून म्हणाले, "मी सही करतो." मॅनेजर तर चहा घेऊनच आले. "दराला जरा हात लावला की आपोआप खाली येईल. तुमच्याबद्दल सगळ्यांना वाटतं हो." त्यांना खरंच वाटत होतं, आणि त्यानेच बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांना जन्मभर हेच करू नका म्हणून सांगितलं, ते आता मायेपोटी हेच करा म्हणत होते.

बाईंनी प्रस्ताव सरळ मांडला. जागा काढली तर त्यांचा पगार दर वर्षी वाचणार होता. ही जागा गेली तर कारखान्याचं काय नुकसान होईल, ही रक्कम भरायची होती. म्हणजे त्यांच्या 'नको'मुळे आजवर किती पैसे वाचले, ते. त्यांनी सातही फायली पुढ्यात ओढल्या. सात वेळा नको म्हटलं होतं आणि सातही मशीनं बाहेर शेडमध्ये धडधडत होती. ऐकलं होतं एकदाच, परवाच्या सोमवारी. तेवढं त्यांनी एकदाच धरलं. दर वर्षी ऐकतील असं धरायला काही आधार नव्हता.

आकडा शून्याच्या वर आला. बाईंनी तो पुन्हा तपासला. आधी न धरलेली, खरोखर होणारी अशी बचत त्या कारखान्याच्या प्रस्तावात पहिल्यांदाच आली होती. त्यांनी खाली सही केली. शेरा लिहायला काही नव्हतं.

संध्याकाळी त्या पुन्हा वर गेल्या. जाऊबाईंनी त्यांचा चेहरा बघून आधी पाणी दिलं, मग सगळं ऐकून घेतलं.

"मग खोटं का नाही लिहिलंस गं?"

"नाही आलं लिहिता."

जाऊबाई जवळ येऊन बसल्या. "काय बाई तऱ्हा या कारखान्याची," त्या म्हणाल्या. "आम्हाला चौदा वेळा काढलं, तरी आम्ही आपल्या तिथेच. अन् तुला बिचारीला एकदाच काढलं, तर लगेच घरी."

इतका वेळ आवरलेलं रडू बाईंना तेव्हा फुटलं. जाऊबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हुंदके थांबत नव्हते, पण एक गोष्ट बाईंना तशीच सोडवेना.

"चौदा वेळा नाही हो, ताई," त्या रडता रडता चिडून म्हणाल्या. "सात वेळा. दर वेळी दोघी."