रिकाम्या गवताची राखण

तळ्याच्या राखणदाराला आसपासचे लोक फौजदार म्हणत. पोलिसात तो कधीच नव्हता बिचारा, उभा जन्म एका गोदामाच्या दारावर बसून काढलेला. पण बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि त्याने ही नोकरी धरली. रानबदकांची राखण त्याने इतकी मनावर घेतली, की नाव आपसूक चिकटलं.

तळं खाजगी होतं. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने हौसेने खणून घेतलेलं, पाखरांसाठी काठाने लव्हाळे वाढवलेले. नवरा वारला, हौस बाईंच्या गळ्यात पडली. त्या महिन्यातून एकदा येत, बाकावर बसत आणि डोळे पुसून जात.

फौजदाराच्या खोलीत एक खाट, एक शेगडी, एकाच डोळ्याने दिसणारी दुर्बीण आणि दाराशी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. बोलायला चिटपाखरू नाही. मुलीला तो आधी रोज फोन करायचा. मग एकदा ती म्हणाली, "बाबा, रोज रोज काय नवीन असतं हो? रविवारी निवांत बोलत जाऊ ना." तिचं काही चुकलं नव्हतं. पण सोमवार ते शनिवार चांगले सहा दिवस असतात, हे तिला कोण सांगणार?

म्हणून तो बदकांशी बोलायचा. विणीच्या दिवसांत रोज सकाळी एकेका घरट्यापाशी जायचा. चुकून पाय पडू नये म्हणून प्रत्येक घरट्याजवळ काठी रोवून तिला लाल चिंधी बांधलेली. काठीपाशी उकिडवं बसून तो सगळा समाचार द्यायचा. दूध नासलं, गुडघा धरला, नातवाला दात आला. त्याला पाहताच बदकीण अंड्यांवरून उठून पाण्यात सटकायची. फौजदाराला वाटायचं, बाई लाजतात. मग तो उरलेलं अंड्यांना सांगायचा.

आणि अंडी जात होती. सलग दोन वर्षं एकही पिल्लू पाण्यावर दिसलं नव्हतं. नुसती फुटकी टरफलं. कोल्हा असणार म्हणून फौजदाराने कुंपणाची जाळी हातभर जमिनीत पुरली, वरून विजेची तार फिरवली. मुंगूस असणार म्हणून पिंजरा लावला. त्यात दूधवाल्याची मांजर तीनदा सापडली. तिसऱ्यांदा ती जेवायला म्हणून आपणहून आत जाऊन बसली असावी, असा त्याला दाट संशय होता. अंडी जायची ती जातच राहिली.

"यंदाही तसंच झालं तर तळं मासेवाल्यांना देऊन टाकणार मी," बाई म्हणाल्या. "मला बघवत नाही हो आता. ह्यांनी पाखरांसाठी केलं आणि इथे नुसती टरफलं."

चौदा घरट्यांपैकी दोन उरली, तेव्हा फौजदाराने कुंपणाच्या तारा बसवणाऱ्या मिस्त्रीला बोलावून घेतलं. मिस्त्रीने सगळी तार तपासली, वीज नीट वाहत होती. मग तो काठावर डबा उघडून बसला आणि फौजदार तेवढ्यात आपली राहिलेली फेरी मारून आला.

"काका, ते लाल झेंडे कसले?"

"घरट्यांच्या खुणा. पाय पडू नये म्हणून."

"आणि कावळे रोज असेच तुमच्या मागे असतात?"

"कावळे काय, कुठेही असतात."

"कुठेही नाहीत. तुमच्या मागेच आहेत." मिस्त्रीने चमच्याने समोर दाखवलं. "तुम्ही गेलात, बदक उठलं, तुम्ही काहीतरी बोलत बसलात. पाठ फिरवलीत तसा एक खाली उतरला. बघा, अजून खातोय."

फौजदार धावला. उपयोग काय? घरट्यात पिवळा ओघळ तेवढा उरला होता.

"म्हणजे मीच..." परत येऊन तो एवढंच म्हणाला.

"तुम्हीच घर दाखवलंत की त्यांना," मिस्त्री म्हणाला आणि त्याने जीभ चावली. पण बोलून गेला होता.

त्या संध्याकाळी फौजदार खाटेवर बसून ढसाढसा रडला. बायको गेली तेव्हा माणसं होती म्हणून आवरलं होतं. इथे आवरायचं कोणासाठी?

सकाळी त्याने सगळ्या काठ्या उपटल्या. शेवटच्या घरट्यातली बदकीण नुकतीच अंड्यांवर बसली होती, अजून साडेतीन आठवडे तरी हवे होते. आपण खोलीत बसून राहावं, तर कावळे रिकामे. रिकामे कावळे सगळा काठ धुंडाळणार. बराच विचार करून त्याने काठ्या तळ्याच्या पलीकडच्या बाजूला नेल्या आणि जिथे काडीचंही घरटं नाही अशा सुक्या गवतात रोवल्या. कावळे काही दुधखुळे नव्हते, म्हणून आपल्या न्याहारीची कोंबडीची दोन अंडी खिशात घेऊन तो रोज निघायचा आणि कुठल्या तरी दोन काठ्यांपाशी ठेवायचा. कावळे खूश. पुन्हा फौजदाराच्या मागे.

आणि तो बोलायचाही. न बोलता बसला तर त्यांना शंका यायची, असं तो स्वतःला सांगायचा. पण आधी समोर निदान ऊबदार अंडी असत. आता नुसतं गवत. दूध नासलं, असं गवताला सांगताना त्याचं त्यालाच कसंनुसं व्हायचं. पलीकडच्या लव्हाळ्यांकडे तो चुकूनही बघत नसे. बदकीण जिवंत आहे की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

पंचविसाव्या दिवशी तो तिसऱ्या काठीपाशी बसला होता. बोलता बोलता मान वर झाली. पलीकडे लव्हाळे हलले आणि बदकीण पाण्यात आली. तिच्यामागे एक. दोन. तीन. चार.

फौजदाराला वाटलं, ओरडावं, धावावं, दुर्बीण आणावी, निदान डोळे भरून बघावं! पण मागे कुंपणावर पाच कावळे बसले होते आणि आपण बघू तिकडे ते बघतात, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. त्याने तळ्याकडे पाठ केली. खिशातलं अंडं काढून गवतात ठेवलं. मघाशी काय सांगत होतो ते आठवेना, तरी तो बोलत राहिला. कावळे एकेक करून खाली उतरले, त्याच्या बुटापाशी.

बऱ्याच वेळाने त्याने वळून पाहिलं. पाणी मोकळं होतं.

बाईंना त्याने फोन केला.

"किती आहेत?" बाईंनी विचारलं.

"चार मोजली. पुढची मोजायची राहिली."

"अहो, इतके दिवस थांबलात आणि मोजायचं राहिलं?" बाई हसल्या, रडल्या, मग म्हणाल्या, "असू द्या. तळं आता कुठे जात नाही."

फोन ठेवल्यावर फौजदाराला राहवेना. बूट चढवून तो लव्हाळ्यांच्या वाटेला लागला. दहा पावलं गेला आणि खोलीच्या पत्र्यावर कावळ्याच्या नख्या वाजल्या. तो तसाच परत फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात दोन अंडी घालून तो रिकाम्या गवताकडे निघाला. पिल्लांना उडता यायला अजून दोन महिने होते.