घोडीची पाठ पुसली तेव्हा

ही गोष्ट मी आजपर्यंत एकाच माणसाला सांगितली आहे. त्या बाईनं ती ऐकून घेतली आणि मला एक काम सांगितलं. ते मी केलं नाही. घरी बायकोला यातलं काही माहीत नाही. मुलांना तर आपला बाप कधी काळी घोड्याची जिनं शिवत होता हेही धड माहीत नाही. विचारलं तर मी विषय बदलतो.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. मी बावीस वर्षांचा, जुन्या जालन्यात एका उस्तादांकडे जिनं शिवायला होतो. त्यांचे वडील निजामाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, जीनसाज होते. रिसाला गेला, घोडे कमी झाले, तरी लग्नाच्या वरातीची घोडी, बिऱ्हाड लादून फिरणारे मेंढपाळ आणि बाजारात घोडी विकणारे व्यापारी यांच्यावर दुकान चालायचं.

उस्तादांचा एक नियम होता. नवीन धाटणीचं जीन डोंगर चढून-उतरून आल्याशिवाय विकायचं नाही. दुकानात लाकडी घोडा होता, त्याच्यावर ठेवून मापं घ्यायचो. मी एकदा म्हणालो, "उस्ताद, ह्याच्यावर तर बराबर बसतंय."

"लकडी के घोडे को पसीना न्हई आता रे," ते म्हणाले.

त्यांची सगळी परीक्षा घामावर होती. चढ चढून घोडं घामाघूम झालं की लगेच पोटाखालचा तंग सोडायचा, जीन उचलायचं आणि घाम वाळायच्या आत पाठ बघायची. पाठ सगळीकडं सारखी ओली असली तर जीन पास. ओल्या पाठीत एखादी जागा कोरडी दिसली तर तिथं जीन रुततंय, घामालाही यायला जागा उरलेली नाही. आज कोरडी दिसलेली जागा महिन्याभरात जखम होते.

परीक्षेसाठी घोड्या आणायचे ते घनसावंगीकडचे एक मेंढपाळ. मी त्यांना मामा म्हणायचो. घोड्या द्यायच्या आणि परीक्षा झाल्यावर त्या जिनांतलं एक आपल्या पसंतीनं घेऊन जायचं, असा त्यांचा आणि उस्तादांचा जुना रिवाज होता. जिनाच्या गाद्यांत भरायची लोकरही मामाच आणायचे.

त्या वर्षी पहिल्यांदा एक अख्खं जीन मी एकट्यानं केलं. लाकडी सांगाडा, चामडं, शिलाई, भरती, सगळं माझं. हे पास झालं तर पुढं बसायला मिळणार होतं, गिऱ्हाइकासमोर. नाहीतर मागं चामडी भिजवत बसा. मामाची लोकर चांगली होती, पण कुसळांनी भरलेली. एकेक कुसळ बोटांनी वेचायचं, मग धुवायची, वाळवायची, पिंजायची. उजवी गादी मी नीट भरली. डावीला कंटाळलो. आमच्या गल्लीमागंच जिनिंग फॅक्टरी होती, कुंपणाला कापूस लोंबायचा. पांढरा, मऊ, कुसळ म्हणून नाही. डाव्या गादीच्या पुढच्या भागात मी तो भरला आणि शिवून टाकलं. कापूस घाम पितो आणि दाबून दगड होतो, हे उस्तादांनी पहिल्याच महिन्यात सांगितलेलं होतं. मला वाटलं, एवढ्याशानं काय होतंय.

भाद्रपदाचं ऊन होतं. आम्ही तिघं निघालो. उस्ताद त्यांच्या म्हाताऱ्या घोड्यावर, मामा काळ्या घोडीवर आणि मी माझं जीन घातलेल्या तांबडीवर. भोकरदन ओलांडून अजिंठ्याच्या डोंगराशी लागलो. मला घोड्यावर बसायची सवय नव्हती. मामा मागं वळून बघायचे आणि हसायचे.

"भाच्या, बसलायस का लोंबकळून राह्यलायस?"

"मामा, पाय रिकिबीत राहत न्हाई."

"रिकीब बराबर हाये. पायच उधार आणल्यावानी दिसून राह्यलेत."

उस्ताद खोकत खोकत हसले. तेवढा आनंदाचा भाग. चढावर सागाला तुरे आले होते, वाटेत दगड फार. तांबडी चांगली चालली, तक्रार केली नाही तिनं.

माथ्यावर मी आधी पोचलो. मामा पाण्याची जागा बघायला काळीला घेऊन झाडीत गेले. उस्ताद अजून दोन वळणं खाली होते. मी उतरलो, तंग सोडला आणि जीन उचललं. पाठ ओलीचिंब होती. डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचवट्याला लागून, तळहाताएवढी जागा मात्र कोरडी होती. केस चपटे झालेले, चमकत होते.

तिथंच बसून उस्तादांची वाट बघायला हवी होती. शिव्या खाल्ल्या असत्या, गादी उसवून परत भरली असती. जास्तीत जास्त दोन आठवडे. त्यापेक्षा वाईट काही होणार नव्हतं.

मी कॅनव्हासची पाण्याची छागल काढली, पंचा भिजवला आणि घोडीची पाठ पुसून काढली. सगळीच पाठ. मानेपासून कमरेपर्यंत.

उस्ताद आले. गुडघे धरून उतरले, पाठ बघितली आणि माझ्याकडं बघितलं.

"पीठ कायको पोंछा रे?"

"गरम होत होतं तिला, उस्ताद. लय घाम आल्ता."

"अरे, घामच बघायला आलो ना इथपर्यंत, गधे!"

त्यांनी पाठीवरून हात फिरवला. डाव्या बाजूला हात गेला तसं घोडीचं कातडं थरथरलं. उस्तादांचा हात तिथंच थांबला. एवढ्यात मामा झाडीतून आले.

"चाचा, माशी बसली असंल. हितं गोमाश्या लय हायेत." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरगं जनावराची माया करून राह्यलंय अन् तुम्ही त्यालाच रागवून राह्यले."

उस्ताद म्हणाले, "ठीक. खाली उतरून परत वर येऊ, तेव्हा बघू. अबके पोंछना नक्को."

अजून एक संधी मिळाली होती, कबूल करायची. मी ती फसवण्यासाठी वापरली. पलीकडं उतरताना एका वळणाआड पंचाची घडी केली आणि जिनाखाली, कोरड्या जागेच्या जरा मागं सारली. पुढचा भाग तेवढा उचलला गेला. परत माथ्यावर आल्यावर उस्ताद उतरायच्या आत घडी ओढून घेतली. या वेळी पाठ सगळी सारखी ओली होती. त्यांनी वाकून बघितली, दोन वेळा बघितली.

"चलेगा," ते म्हणाले. माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी अशी थाप आधी कधी मारली नव्हती.

पायथ्याच्या गावात चहा पिताना उस्तादांनी मामांना जीन निवडायला सांगितलं. काळीवरचं जीन उस्तादांच्या हातचं होतं, ते डोळे मिटून घ्यावं असं. मामांनी माझं उचललं.

"भाच्याच्या हातचं पहिलं काम हाये. हे माझ्याच घरी जाऊ द्या."

माझ्या तोंडाशी आलं होतं, मामा, हे नका घेऊ. मी म्हणालो, "वापरायच्या आधी जरा उन्हात ठेवा, मामा." त्यांनी मान डोलावली. उन्हात ठेवल्यानं काय होणार होतं?

मी पुढं बसायला लागलो. दिवाळी झाली तसे मामा मेंढरं घेऊन गोदावरीकडं गेले, तांबडीवर बिऱ्हाड लादून. संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी ते दुकानात आले. चालत आले होते. खांद्यावर ते जीन. उस्ताद नमाजला गेलेले होते.

"घोडीच्या खांद्याला भोक पडलं, भाच्या," ते म्हणाले. "पू धरलाय. वझं डावीकडं जास्त चढलं असंल माझ्याकडून. तू जरा बघतोस का, जीन कुठं बिघडलंय का?"

मी जीन घेऊन मागं गेलो. डावी गादी उसवली. आत कापसाचा गोळा, काळपट, करवंटीसारखा टणक. तो काढून चुलीत टाकला, लोकर भरली आणि शिवून टाकलं. हात इतक्या जल्दी कधी चालले नव्हते. बाहेर आलो तर उस्ताद येऊन बसले होते आणि मामा त्यांना तेच सांगत होते. उस्तादांनी जीन मांडीवर घेतलं, दोन्ही गाद्या अंगठ्यानं दाबून दाबून बघितल्या.

"जीन बराबर है," ते म्हणाले. "लादने में गलती हुई तेरी."

"हौ, चाचा," मामा म्हणाले. मान खाली घालून म्हणाले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

मामा परत कधी दुकानात आले नाहीत. काही वर्षांनी उस्ताद वारले, दुकान बंद झालं, मी अंबडकडं एका कारखान्यात यंत्रांचे पट्टे शिवायच्या कामाला लागलो. मामांचं गाव तिथून लांब नव्हतं. मला जायला वीस वर्षं लागली.

मामा वारले होते. मामी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी कोण ते सांगितलं आणि मग बाकीचंही सांगितलं, कापूस, पंचा, सगळं. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"ती घोडी परत लादायच्या कामाची झालीच न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या साली मी डोक्यावर बोचकं घेऊन चालले. पोटात सातवा महिना. लेकरू जगलं, ते बघ तिथं ट्रॅक्टर धुऊन राह्यलंय. पण मी ह्यांच्याशी दोन वर्सं धड बोलले न्हाई. मला वाटायचं, ह्या माणसाला एक वझं बांधता येत न्हाई अन् मला चालवतोय."

"मामी, चूक माझी होती."

"ते कळलं." शेंगेचं टरफल त्यांनी बाजूला टाकलं. "मला सांगून काय फायदा, भाऊ? गावानं 'घोडीवाला' म्हणून त्यांची लय चेष्टा केली. मरंपर्यंत. ते हसायचे, मी न्हाई. तिथं हाटेलापुढं बसलेत बघ त्यांच्या बराबरीचे सगळे. त्यांला सांग. माझ्यापशी माफी नको मागू. त्यांला सांग."

मी उठलो आणि हॉटेलाकडं गेलो. खरंच सांगायला गेलो होतो. बाकावर बसलो, चहा मागितला. समोर चार-पाच म्हातारे बसले होते. रस्त्यावर एक जण सायकलच्या कॅरेजला पोतं बांधत होता आणि ते सारखं घसरत होतं. एक म्हातारा त्याला ओरडला, "अरे, घोडीवाल्यावानी बांधून राह्यला का काय?" सगळे हसले. पोतं बांधणारा तरुण होता, त्याला घोडीवाला कोण ते ठाऊकही नसणार, पण तोही हसला.

"कुठले पाव्हणे?" एकानं मला विचारलं. "कुणाकडं आल्ते?"

सगळे माझ्याकडं बघत होते. सांगणं याहून सोपं कुणी माझ्यासाठी केलं नसतं.

"असंच," मी म्हणालो. "एक जमीन बघायला आल्तो."

"कुणाची?"

"जमलं न्हाई काही."

घनसावंगीची जीप आली. मी चहा अर्धा ठेवून आत चढलो. बसल्यावर बाहेर बघितलं तर मामी गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, हातात शेंगांचं सूप तसंच. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी हाक मारली नाही. म्हाताऱ्यांकडं बघितलं, ते अजून सायकलवाल्याची मजा बघत होते. मग जीपकडं बघितलं. मी मान दुसरीकडं केली. ड्रायव्हर अजून दोन शिटांसाठी ओरडत होता, आणि मी मनात म्हणत होतो, चल बाबा, चल, आता चल.