शंभरातल्या सव्वीसजणी

माझी धाकटी जाऊ समृद्धी लग्न होऊन आली, त्या पहिल्याच दिवाळीत तिनं पर्समधून व्हर्निअर काढला आणि माझ्या चकल्यांची जाडी मोजली. "ताई, माल एक नंबर हाय, पण ह्या चार रिजेक्ट," म्हणाली आणि त्या चार स्वतःच खाऊन टाकल्या. आमच्या सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणतो. त्या म्हणाल्या, "आमच्या इक्रमनं सून आणली का इन्स्पेक्टर?"

तिचं माहेर भांडगावचं, घरी झेंडू-शेवंतीची शेती. फुलं तोडून हात काळे करण्यापेक्षा शिकते म्हणाली, डिप्लोमा केला आणि सणसवाडीत एका कारखान्यात क्वालिटीला लागली. माझा दीर विक्रम शेजारच्याच कंपनीत आहे. दोघं तिथंच खोली घेऊन राहतात, सुट्टीला खुटबावला आमच्याकडं येतात. तिचं काम असं की, मशीनवरून आलेल्या मालातले थोडे नग काढायचे आणि मोजायचे. शंभरात दोनापेक्षा जास्त खराब निघाले की सगळा लॉट परत. सुपरवायझर कितीही ओरडू दे. बिहारकडची पोरं तिला तोंडावर 'रिजेक्ट मॅडम' म्हणतात आणि तिला ते आवडतं.

मागच्या वर्षी गणपतीच्या आसपास तिचं पोट फुगायला लागलं. लग्नाला तीन वर्षं झालेली, त्यामुळं आत्यांनी लगेच ओटीसाठी खण काढून ठेवला. सोनोग्राफीत निघाल्या गाठी, दोन्ही अंडाशयांवर. उजवीकडची नारळाएवढी, डावीकडची लिंबाएवढी. पुण्याच्या डॉक्टरबाईंनी उजवं अंडाशय काढलं. डावीकडची गाठ तेवढी सोलून काढली आणि ते अंडाशय राखलं, कारण पोरगी सत्तावीस वर्षांची, पदरात मूल नाही.

गाठीचा रिपोर्ट आला, बॉर्डरलाइन. म्हणजे कॅन्सर नव्हे, पण अगदी साधीही नव्हे, दोहोंच्या मधली. घरी येऊन आत्यांना सांगायचं कसं? मी म्हटलं, "बांधावरची गाठ हाय, आत्या."

"बांधावरची? मंग भांडान आलंच की," आत्या म्हणाल्या. बांध दरसाल कसा कोरला जातो, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं आहे.

टाके काढायला आत्यांसकट सगळे गेलो, तेव्हा डॉक्टरबाईंनी एक तक्ता पुढं घेतला. वयाचे इतके गुण, गाठी दोन्हीकडं होत्या त्याचे इतके, अंडाशय राखून गाठ सोलली त्याचे इतके. बेरीज केली आणि खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "समृद्धीसारख्या शंभरजणी घेतल्या, तर पाच वर्षांत सव्वीसजणींना पुन्हा गाठ येते. चौऱ्याहत्तरजणींना येत नाही. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्त तपासायचं. सहा महिने झाले की मुलासाठी प्रयत्न करा, उगाच लांबवू नका." त्या दिवशी रोजच्या वहीत मी हे शब्द तसेच उतरवून ठेवले, म्हणून आकडा चुकलेला नाही.

आत्यांना वेगळंच कोडं पडलं. "जास्त मार्क पडलं की नापास? ही कसली शाळा म्हणायची!"

विक्रम हसला. समृद्धी हसली नाही. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

पहिल्या दोन तपासण्या चांगल्या निघाल्या. तरी माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. सकाळी देवापुढं बसले की काय मागावं तेच उमजेना. मूल यायचं ते त्या डाव्या अंडाशयातूनच आणि गाठ यायची तीही तिथंच. 'तिथं काही येऊ देऊ नकोस' म्हणावं, तर तोंडातून गेलेलं सगळंच देवानं ऐकलं म्हणजे? जप चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. दूध उतू गेलं तरी कळायचं नाही.

आत्यांनी भैरवनाथाला कौल लावला. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली. आत्यांनी सणसवाडीला फोन लावला, "उजवी दिली गं देवानं, काळजी सोड."

"आत्या, माझी उजवीच काढलीय की," समृद्धी म्हणाली.

आत्यांनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "हिच्याशी बोलायचं म्हंजी देवालाबी इचार करावा लागंल." आणि पदरानं डोळे पुसले.

तिसरी तपासणी मंगळवारी होती. आधीच्या शुक्रवारी दुपारी समृद्धीचा फोन आला. मागून मशीनचा आवाज येत होता.

"ताई, मंगळवारी तुम्हीच संगं या. विक्रमला रजा काढू देऊ नका."

"का गं?"

"राहिलेली डावी पण काढून टाका, असं सांगणारे मी मॅडमना. ह्याला सांगितलं तर हा रडत बसंल आन् मग मला जमायचं न्हाई."

मी हातातली परात खाली ठेवली. "अगं, तपासण्या चांगल्या आल्यात ना?"

"ताई, शंभरात सव्वीस! माझ्या टेबलावर तीन निघाले तरी मी सगळा लॉट परत पाठवते. हे कुठलं पास करू मी? कुणाला सांगू नका. शपथ हाय तुम्हाला."

शपथ घातल्यावर मी काय करणार? शनिवारी विक्रम कांद्याला पाणी द्यायला म्हणून आला. जेवताना म्हणाला, "वहिनी, ही हल्ली बोलत न्हाई. सहा महिने झाले की बघा म्हणले होते डॉक्टर, तर ही पाठ फिरवून झोपते. माझं काय चुकलं का?" मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. नको नको म्हणत होता, तरी वाढली. रविवारी देवाची भांडी दोनदा घासली. सोमवारचा उपास होता आणि मी सकाळीच चहात बिस्कीट बुडवून खाल्लं, तेही अर्धं संपल्यावर ध्यानात आलं. तिला अडवावं, तर पुढं गाठ आल्यावर ते पाप माझ्या माथी. न अडवावं, तर विक्रमला तोंड कसं दाखवू?

मंगळवारी सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "डाव्या अंडाशयावर साडेतीन सेंटिमीटरची पाण्याची गाठ दिसतेय. भिंत पातळ आहे, आत काही नाही. पाळीच्या चक्रात अशा येतात आणि जातात. पाळी झाली की पुन्हा बघू."

समृद्धी माझ्याकडं वळली. "बघा. आली." मग त्यांना म्हणाली, "मॅडम, काढून टाका. तारीख द्या."

"मिस्टर कुठं आहेत?"

"सही माझी लागते ना? मी करते."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कशावरून ठरवलंत?"

तिनं लॉटचं सगळं सांगितलं. दोनाच्या वर गेलं की परत, आणि हे तर सव्वीस. बोलताना आवाज चढला, बाहेरच्या बायका आत डोकावायला लागल्या. डॉक्टरबाईंनी मध्ये तोडलं नाही.

"लॉट परत पाठवल्यावर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"दुसरा येतो."

"आणि हा परत पाठवला, तर दुसरा कुठून आणू मी?"

समृद्धीनं समोरची फाईल मिटली.

"ते सव्वीस टक्के खराब अंडाशय नाही, बाई. तुमच्यासारख्या शंभर बाया आहेत त्या. त्यातल्या तुम्ही कुठल्या, ते तक्त्याला माहीत नाही आणि मलाही नाही. पुन्हा आलीच, तर बहुतेकदा अशीच मधली येते आणि वेळेत दिसली तर काढता येते. त्यासाठीच तर तीन महिन्यांनी बोलावते. बरं, चालू मशीनवर तुम्ही काय करता? भीती वाटली म्हणून मशीन भंगारात घालता?"

"न्हाई. तासातासाला नग काढून मोजतो. हद्दीजवळ सरकायला लागलं की थांबवतो."

"मग?"

समृद्धीनं मोबाईल काढला. "हद्द सांगा मग. काय झालं की थांबायचं?"

डॉक्टरबाईंनी एकेक सांगितलं आणि तिनं टिपून घेतलं. दोन-तीन पाळ्यांनंतरही गाठ गेली नाही किंवा वाढली तर. भिंत जाड झाली तर. आत कोंबासारखं काही उगवलेलं दिसलं तर. रक्तातला आकडा चढत गेला तर. "आन् तवर?" तिनं विचारलं. "तोवर घरी जा आणि नवऱ्याशी बोला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाहेर येऊन तिनं विक्रमला फोन लावला. "मी आज राहिलेली काढायचं सांगायला आले होते. ताईंना ओरडू नको, मीच शपथ घातली होती." त्यानं विचारलं असावं, मग ती म्हणाली, "न्हाई काढली. पाळीनंतर बघायचंय. तू ये तवा."

ते अठरा दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. पाळी आली, पुन्हा सोनोग्राफी झाली, विक्रम तिथं दाराशी उभा. गाठ गेलेली होती. पुढची तारीख तीन महिन्यांनी.

विक्रम गाडी काढायला गेला, तेव्हा आम्ही दोघी फाटकाशी थांबलो होतो. मला वाटलं होतं, ती हसेल.

"ताई, पुढल्या बारीला खरीखुरी आली, तर मी काय म्हणीन मला ठाऊक न्हाई."

"तवाचं तवा बघू गं."

"तसं नको. आत्ताच सांगा. तवाबी संगं याल?"

"व्हय," मी म्हटलं. "पण शपथ घालायची न्हाई."

"न्हाई घालत," ती म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी तिनं घेतली.