थट्टेला रडकी चाल

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी या पंचक्रोशीतल्या इतक्या विहिणींचा अपमान केला आहे, की ज्यांचा करायचा राहून गेला त्या अजून रुसून आहेत. आमच्या आर्णीकडं लग्नाच्या पंगतीत नवरीकडच्या बायांनी मुलाच्या आईवर थट्टेचं गाणं म्हणायचं, ही जुनी रीत. आमच्या घरात तो मान जाऊबाईंचा. वाद्य म्हणाल तर पितळेची परात, तीही पालथी. आता तुम्हाला वाटेल, थट्टेचं गाणं म्हणजे चाल नाचरी असेल. छे! "थट्टेचे बोल अन् थट्टेचीच चाल, म्हणजे साखरेवर गूळ," असं त्या म्हणतात. म्हणून त्यांची चाल कायम लेक सासरी निघाल्यासारखी रडकी. शेवटच्या शब्दाआधी त्या थांबतात, परात थांबते, वाढप्याच्या हातातला डावही थांबतो, आणि मग विहिणीकडं अगदी कळवळून बघत त्या उरलेला शब्द सोडतात. राजूरच्या एका बोलक्या विहिणीवर त्यांनी म्हटलं होतं,

"इहीण आमची पाह्यली वो बाई, बोलाले लागली तं थांबतच नाई,
जात्यालेबी लागते दम, इहीणीले लागत... नाई!"

ती बाई जन्मात एवढा वेळ कधी गप्प बसली नव्हती, असं पुढं तिचा नवराच सांगत फिरला.

तूर निवडायला बसलो की जाऊबाई या थट्टेचा सगळा इतिहास सांगतात. सासूबाईंच्या काळी विहीण किती पोळ्या खाते यावरच हसू यायचं, कारण सणावाचून पोळी पाहिली होती कुणी? मग गावात रेडिओ आला आणि गाण्यातली विहीण रेडिओपेक्षा मोठ्यानं बोलू लागली. टीव्ही आल्यावर तिला मालिकेतल्या सुनेसाठी रडू यायला लागलं, घरातल्या सुनेसाठी येईना. आता ती मोबाईलवर आपला फोटो काढते आणि त्यात मावत नाही. "इहीणीच्या नाकाची थट्टा तेवढी पहिल्यापासून हाये," जाऊबाई म्हणतात. "नाकाले जमाना लागत नाई."

पण माझ्या नातीच्या लग्नात मात्र जाऊबाईंना आवरायला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले होते. मुलगा ढाणकीचा, वडील लहानपणीच गेलेले. विधवा विहिणीवर गाणं म्हणायचं नाही, अशी आमच्याकडं समजूत. त्यामुळं मानाच्या पाटावर मुलाच्या काकूला बसवलेलं आणि खरी विहीण फिक्या लुगड्यात मागं कूलरजवळ. मुलाचे काका तर असे, की लग्नाच्या बैठकीत चहा निवला म्हणून उठून चालले होते. आम्ही कशीबशी जुळवलेली सोयरीक. काकूवरचं गाणं झालं तसं जाऊबाई मान उंच करून मागं बघायला लागल्या. मी त्यांचा पदर ओढला.

"जाऊबाई, तिच्यावर नका म्हणू. पोरीचं नुकसान होईन."

"काहून? तिले नाक नाई काय?"

आणि परात वाजलीच.

"इहीणबाई मांग लपून बसली, कूलरची हवा सारी पिऊन बसली,
आमची नवरी घामानं भिजली, इहीणीले मातर थंडी... वाजली!"

कुणी हसलं नाही. काका पानावरून अर्धे उठले. "काय लावलं हे? काई रीतभात?" नातीच्या हातातला घास हातातच राहिला. तेवढ्यात ती विहीण उठली आणि पंगतीच्या मधून सरळ आमच्याकडं यायला लागली. मी मनात म्हटलं, संपलं.

ती जाऊबाईंच्या पुढ्यात येऊन बसली.

"बाई, चाल चुकली तुमची," ती म्हणाली. "आमच्या ढाणकीत ह्याहून रडकी गातेत. द्या इकडं परात."

आवाज आधी फुटेचना. किती वर्षांत त्या गळ्यातून गाणं निघालं नसेल, कोण जाणे. मग खाकरून म्हणाली,

"आर्णीच्या बाईनं लावला सूर, ढाणकीची म्हैस पळाली... दूर!"

पहिले हसले ते काका. उभ्याउभ्या हसले आणि खाली बसून त्यांनी बुंदी मागितली. विहीण हसता हसता डोळे पुसत होती. हसण्यानं की कशानं, आपण कशाला विचारायचं? घरी आल्यावर मी जाऊबाईंना म्हटलं, "अन् ती उठून निघून गेली असती तं?"

"तं मी परात घेऊन मागं गेली असती. दुसरं कडवं बाकी होतं ना!"

या हिवाळ्यात खोकल्यानं जाऊबाईंचा आवाज बसला तो बसलाच. आता दर गुरुवारी ढाणकीहून फोन येतो. मी तो मोठ्या आवाजावर लावून खाटेवर ठेवते, तिकडून विहीण नवंनवं रचून त्यांना झोडपते, आणि इकडं जाऊबाई बोटांनी खाटेच्या लाकडावर ठेका धरतात. परवाचा फोन दोन ओळींतच आटोपला. जाऊबाई फोन हातात घेऊन घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आज लयच कमी बोलली वो मले. बरं नसन तिले."