उघाडीवरचा वाटा

मी उमेळं गाव सोडलं त्या दिवशी जीप दारात उभी होती, अंगात नवाकोरा पंजाबी ड्रेस होता, खांद्याच्या पर्समध्ये पासपोर्ट होता, आणि बाबा म्हणत होते, "गंगाबायचा वाटा ठेवून ये, मग गाडीत बस."

दसरा होऊन गेलेला. खाजणातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं, भात पिवळं पडायला लागलं की शेतातलं पाणी बांधातल्या लाकडी दारातून खाडीत सोडतात. त्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला पाण्याबरोबर बोय, कोलंबी, चिंबोऱ्या बाहेर पडतात, तिथंच जाळं धरायचं. जाळ्याची दोन टोकं, दोन माणसं. आई मी शाळेत असतानाच गेली, भाऊ मला नाही. त्यामुळे एक टोक बाबांचं, दुसरं माझं. जायच्या दिवशी सकाळीसुद्धा मी कमरेइतक्या पाण्यात उभी होते.

ज्या घरातून पाण्यात उतरायला कोणी नाही, त्या घराच्या ओट्यावर वाटा ठेवायचा ही आमच्या आळीची रीत. माणसामागे एक मासा, केळीच्या पानात गुंडाळून. हाक मारायची नाही. आणि आतल्याने, देणारा वळणापलीकडे जाईपर्यंत दार उघडायचं नाही. घेताना कुणाची मान खाली जायला नको ना. गंगाबाय एकटी विधवा, तिला एक बोय. "ठेव आनि मागं न बघता ये," हे बाबांचं वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की तेवढंच शिकवलं की काय त्यांनी, असं वाटतं. मी ठेवला, मागे न बघता आले आणि जीपमध्ये बसले. विमानात शेजारच्या बाईने सारखा नाकाला रुमाल लावला होता. साबणाने हात धुतले होते हो मी, दोनदा!

नवरा जवळच्याच गोखिवऱ्याच्या फ्लॅटमधला, विस्कॉन्सिनमधल्या एका गावात मशीनच्या कारखान्यात लागलेला. थंडीचं मी काही सांगणार नाही, तुमच्यातले जे गेलेत त्यांना माहीत आहे आणि जे राहिलेत त्यांना सांगून सांगून मी दमले. पण त्या गावाची एक गोष्ट मला लगेच कळली. तिथं वर्ष मोजतात ते शिकारीवर आणि माशांवर. मे महिन्यात ट्राउट, नोव्हेंबरात हरणं, तळं गोठलं की बर्फाला भोक पाडून गळ. आणि वसंतात रानटर्की, कोंबडीच्या जातीचा पण चांगला थोराड पक्षी. तिचा परवानासुद्धा सोडतीत निघावा लागतो. शेजारचा डेल वर्षभर त्या सोडतीची वाट बघायचा, आणि नंबर लागला की आम्हाला कुंपणावरून ओरडून सांगायचा.

पहिल्या उन्हाळ्यात त्यानेच मला मासेमारीचं लायसन्स काढायला लावलं. तळ्यावर ब्लूगिल नावाचे तळहाताएवढे मासे मिळाले. घरी आले, आणि समोरच्या घरातली म्हातारी एकटीच असते हे माझ्या डोक्यात होतं. केळीचं पान कुठलं तिथं? एक मासा वर्तमानपत्रात गुंडाळला, तिच्या पायरीवर ठेवला आणि मागे न बघता आले.

तासाभरात पोलीस. म्हातारीला वाटलं, कोणीतरी धमकी दिली. पायरीवर एकच मेलेला मासा, कागदात गुंडाळलेला, तिने दुसरं काय समजायचं? मी डेलला आमची रीत सांगितली, त्याने मध्ये पडून समजावलं, पोलीस हसत गेला. नवरा मात्र चिडला. म्हणाला, हे काय उमेळं आहे का? मीही मग पुन्हा कुणाच्या पायरीवर काही ठेवलं नाही.

एका वसंतात डेलने मला टर्कीच्या शिकारीला नेलं. उजाडायच्या आधी झाडाला पाठ लावून बसायचं, त्याच्या बायकोचं ठिपक्यांचं जाकीट घालून. डेल लाकडी डबीचं झाकण घासून मादीचा आवाज काढत होता, आणि लांबून नर उत्तर देत होता. मग तो आला, निळं डोकं, लाल गळा, शेपूट पसरून, लग्नघरातल्या मामासारखा मिरवत. डेलने एका गोळीत पाडला. मला वाईट वाटलं नाही. उलट कित्येक दिवसांनी कोणाबरोबर तरी गप्प बसून वाट बघितली, याचंच बरं वाटलं.

पुढच्या थंडीत मी बर्फावर घसरले, मनगट मोडलं, आणि ते धड बसेना. वसंत आला तरी हात गळ्यात. एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर वर्तमानपत्रात टर्कीची तंगडी आणि रस्त्यात डेलची पाठ. बेल वाजवली नाही, वळून बघितलं नाही. त्या पोलिसाच्या वेळी मी सांगितलेलं त्याने लक्षात ठेवलं होतं. बिचाऱ्याने आमचीच रीत पाळली, आणि मी स्वयंपाकघरात बसून रडले. वाटा बिनहाताच्या घरी येतो. आमच्या घरी तो कधी आला नव्हता. नवऱ्याने तंगडी कुकरला लावली, शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी चामडं ते चामडंच. खाल्ली आम्ही.

बाबा फोनवर दर वर्षी सांगायचे, यंदा बोय चांगली आली. मला वाटायचं, जातायत अजून उघाडीवर. बरी झाल्यावर दसऱ्यानंतर मी एकटीच घरी आले. उमेळ्यात बिल्डिंगा खाजणाला टेकल्या होत्या. बाबा वाळून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पावलं वाजली म्हणून मी उठले, तर त्यांनी माझा हात धरला. "बस. त्याला वळू दे."

आम्ही दोघं बंद दारामागे बसून राहिलो. मग मी पान उघडलं. एक बोय. कधीपासून, मी विचारलं.

"तू गेलीस त्याच साली. जाळ्याला दोन टोकं असतात, बाय."

रागाने नाही बोलले. दमलेल्या माणसासारखे बोलले, तेच लागलं. माझ्याबरोबर चला म्हटलं, तर म्हणाले, तिथं पानी कुठलं माझ्या ओळखीचं? खूप समजावलं, शेवटी मीच थकले.

तिसऱ्या दिवशी पान जड होतं. आत दोन बोय. बाबा कितीतरी दिवसांनी हसले. "तुझा वाटा धरला त्यांनी." मी भाजून खाल्ला, काटे चोखून. राहिले तितके दिवस दोनच आले. कोण ठेवतं हे मी बघितलं नाही, बाबांनीही कधी बघितलेलं नाही.

विस्कॉन्सिनला परत येऊन अंगातली विमानाची झोप जायच्या आत बाबांना फोन लावला. घर कुठलं म्हणून इथं लोक विचारतात, तेव्हा मी गावाचं नाव सांगते आणि विषय बदलते. खरं उत्तर मला बाबांकडून हवं होतं.

"आज किती आले, बाबा?"



"एकच, बाय."