सोमवारचे बोंबील

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काहीही घ्यायचं झालं की निवड माझ्यावर येते. मिक्सर मी निवडला, पंखाही मीच. दोन्ही खूप आवाज करतात, पण मला अजून कोणी बोललेलं नाही.

म्हणून स्वतःसाठी स्वस्तातला रेझिनचा थ्रीडी प्रिंटर बघायला लागले तेव्हा जरा जास्तच मन लावून अभ्यास केला. उत्तनजवळ चौक गावात किनाऱ्याला लागलेल्या असतात तशा होड्या, पण बोटभर लांबीच्या, करायच्या, एवढाच माझा शौक. हा प्रिंटर पातळ रेझिनवर प्रकाश पाडून थरावर थर घट्ट करत जातो. स्क्रीन किती बारीक, थर किती पातळ, हे सगळं मी आईला ती मेथी निवडत असताना ऐकवायचे. ती म्हणायची, "तुला कळतंय ना, मग झालं." मला कळतंय याची खात्री मला सोडून घरात सगळ्यांना होती.

शेवटी इंद्रलोक भागात राहणाऱ्या मैत्रिणीने तिचा जुना प्रिंटर देऊ केला. आधी घरी चालवून बघ, जमलं तर ठेव, म्हणाली. एका सोमवारी तो मांडीवर घेऊन मी रिक्षाने सिल्व्हर पार्कला घरी आले. गॅलरीत ठेवला, खिडक्या उघडल्या, हातमोजे चढवले, पहिली होडी छापायला लावली आणि ऑपरेशन करणार असल्यासारखी उभी राहिले.

रेझिनच्या वासाबद्दल मी वाचलं होतं. 'सौम्य' असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याचं घर बरंच मोठं असावं.

आमच्याकडे वासाचं प्रकरण नाजूक आहे. आम्ही रत्नागिरीकडचे, आणि शेजारच्या भाभी मासे खात नाहीत. त्या कधी भांडल्या नाहीत. एकदा फक्त "आज क्या बनाया?" असं विचारलं होतं. तेव्हापासून आई बोंबील तळते ते खिडक्या लावून, अगरबत्ती पेटवून. कोणी विचारलंच तर सांगते, पापड भाजले.

अर्ध्या तासात बेल वाजली. दारात भाभी, नाकाला ओढणी. कुछ जल रहा है क्या, असं त्यांनी काळजीनेच विचारलं. उत्तर मला रसायनाच्या नावासकट येत होतं. पण ते दिलं की प्रिंटर गेलाच. आईने माझ्या हातमोज्यांकडे एकदा बघितलं.

"बोंबील है, भाभी," ती म्हणाली. "सूखा बोंबील. थोडा जल गया."

सोमवारी आमच्या घरात अंडंसुद्धा फुटत नाही.

भाभी गेल्यावर आईने दार लावलं. ती रागावली नव्हती, हेच जास्त लागलं. "बाय," ती म्हणाली, "रोज बोंबील जळतात हे कोण खरं मानील?"

मी होडी अर्ध्यावर थांबवली आणि संध्याकाळी प्रिंटर परत देऊन आले. मैत्रिणीला सांगितलं की थराची जाडी मला हवी तशी नाही. तिने एवढ्या आदराने मान हलवली की मला रिक्षात बसेपर्यंत तिच्याकडे बघवेना.

बुधवारी आईने खरे बोंबील तळायला घेतले. सवयीने खिडकी लावायला गेली, तर पलीकडच्या खिडकीत भाभी.

"आज वाला ठीक है," त्या म्हणाल्या. "वो सोमवार वाला मत बनाना."

आईने खिडकी उघडीच ठेवली. माझ्या एवढ्या अभ्यासाचा घराला झालेला उपयोग तो हाच. आता बोंबलांसाठी मोठा तवा घ्यायचाय, आणि तो मीच निवडावा असं आईचं म्हणणं आहे. मी बघतेय.