दुखलं की दाब

"दुखलं की दाब. मी हाय."

खुर्चीत निजवलेल्या मुलाच्या मुठीत स्वतःची दोन बोटे सरकवून ती एवढेच म्हणत असे. गंगापूर रोडवरील मुलांच्या दातांच्या एका दवाखान्यात ती मदतनीस होती. मूठ आवळली गेली, की ती डॉक्टरांना म्हणे, "थांबा." डॉक्टर थांबत. इतक्या तत्परतेने मान्य झालेली हरकत मी न्यायालयातील उभ्या नोकरीत पाहिली नाही.

दोनच बोटे का, असे मी एकदा विचारले. "तीन मावत नाय आजोबा लेकराच्या मुठीत. अन् एकच दिलं तर मोडून टाकतील, लय जोर असतो मेल्यांना."

माझी नात शर्वरी सात वर्षांची. तिच्या दाढांना कीड लागली होती. पहिल्याच खेपेस डॉक्टरांनी पेनाएवढा कॅमेरा तिच्या तोंडात घातला आणि भिंतीवरच्या पडद्यावर भाकरीएवढी काळी दाढ उमटली. पोर किंचाळली. ही शांतपणे म्हणाली, "बघ, तुझी दाढ टीव्हीवर आली. माझी कधी आली नाय." शर्वरी रडता रडता हसली.

त्यानंतर एक्स-रे. शिशाचा एप्रन तिथे एकच होता. तो तिने शर्वरीच्या अंगावर घातला आणि स्वतः तशीच शेजारी उभी राहिली. दिवसातून किती मुलांपाशी ती अशी उभी राहत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

"तुमचा एप्रन कुठे?" मी विचारले.

"मला कशाला? मी काय आता वाढायची हाय?"

माझे डोके तडकले. घरी येताच मी दवाखान्याला रजिस्टर्ड पत्र लिहिले. मुद्दा पहिला: सदर महिलेस संरक्षक एप्रन तत्काळ द्यावा. एवढ्यावर थांबायला हवे होते. परंतु एकाच मुद्द्याचे पत्र हलके वाटते, ही माझी जुनी खोड. म्हणून मुद्दा दुसरा: सदर महिला प्रशिक्षित आहे काय, नसल्यास तिला उपचारकक्षात कोणत्या नियमाने प्रवेश दिला जातो, याचा लेखी खुलासा करावा.

आठवड्यात उत्तर आले. "आपल्या सूचनेनुसार अप्रशिक्षित कर्मचारी कमी केला असून मुलांसाठी अत्याधुनिक व्हीआर चष्मा घेण्यात आला आहे. आपल्या जागरूकतेबद्दल आभार." एप्रनविषयी त्यात एक अक्षर नव्हते.

पुढच्या खेपेस कक्षाच्या काचेच्या दारावर नवी पाटी होती: प्रशिक्षित व्यक्तींखेरीज प्रवेश नाही. मी बाहेर बसलो. आत शर्वरीच्या डोळ्यांवर तो चष्मा, कानांवर हेडफोन. तिला म्हणे समुद्र दिसत होता. चष्म्याशी माझे वैर नाही. मासे सुंदरच असतील. परंतु तिचा डावा हात खुर्चीबाहेर लोंबत होता आणि मूठ आवळत होती. उघडत होती. पुन्हा आवळत होती. यंत्र चालूच होते.

मी काचेवर थापा मारल्या. "थांबा!"

स्वागतकक्षातली मुलगी धावत आली. "काका, आत ऐकू जात नाही. आणि बघा ना, रडतेय का ती?"

रिक्षात शर्वरी म्हणाली, "मी किती दाबलं आजोबा. मावशीच नव्हती."

पंधरा दिवसांनी ती मावशी मला बसस्थानकावर हरसूलच्या गाडीच्या रांगेत दिसली. मी शब्द जुळवत होतो, तीच हसली.

"डॉक्टरांनी दाखवली तुमची चिठ्ठी. अक्षर लय सुंदर हाय आजोबा तुमचं."

"मी तुमच्यासाठीच..." मी म्हणालो.

"व्हय, एप्रनचं वाचलं ना मी. आजवर कुणी मागितला होता माझ्यासाठी?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर मला बरे वाटले असते. "दाढ बरी हाय का पोरीची? पुढच्या वेळी तुम्ही बोटं द्या. दोनच."

गाडी लागली. ती चढली. काच बंद होती, तरी तिने आतून दोन बोटे वर करून दाखवली.

त्याच संध्याकाळी मी तिला पुन्हा कामावर घ्यावे, असा अर्ज लिहायला बसलो. विषय लिहिला, संदर्भ लिहिला. मग पेन थांबले. शर्वरीला हाक मारून विचारले. "मावशी," ती म्हणाली.

नाव मी कधी विचारलेच नव्हते. शेवटी नावाच्या कोऱ्या जागेत त्याच सुंदर अक्षरात लिहिले: सदर महिला.